गाजरांचा वाफा

आमच्या घरात कांदा, लसूण, बटाटा, मुळा, गाजर, रताळं यांतलं काहीही कधी उंबरा ओलांडून आत आलं नाही. जमिनीखाली वाढणाऱ्या या साऱ्याला आम्ही जैन लोक जमीकंद म्हणतो. एका कांद्यात अनंत जीव असतात, म्हणून तो खायचा नाही आणि उपटायचाही नाही, हे मला बाराखडीच्या आधी पाठ होतं. आणि एवढं सगळं पाळून आम्ही राहायचो कुठं, तर ओतूरला! आजूबाजूच्या साऱ्या खेड्यांचा कांदा बाजाराच्या दिवशी आमच्या कापडाच्या दुकानासमोरून जायचा, आणि संध्याकाळपर्यंत दुकानातल्या कोऱ्या धोतरांनाही त्याचा वास लागायचा. माझ्या पणजोबांनी राजस्थान सोडलं तेव्हा त्यांच्यापुढं सगळा मुलूख मोकळा होता. त्यातून त्यांनी नेमकं हेच गाव का निवडलं, ते मला अजून उलगडलेलं नाही. बहुतेक बैल थकले असतील.

घर म्हणजे पुढं दुकान, मधे दोन खोल्या, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागं परसू. दिवसभर पुढून कापड फाडल्याचा टर्रकन आवाज यायचा आणि मागून धुण्याच्या दगडावर कपडे आपटल्याचा. या दोन आवाजांच्या मधे माझी आई काहीतरी गुणगुणत असायची. तिला आम्ही बाई म्हणायचो. बाईच्या हातची गट्ट्याची भाजी आणि बिनकांद्या-लसणाची मासवडी खायला माझ्या मराठा मैत्रिणीसुद्धा यायच्या. 'हिच्यात कांदा न्हाई हे कुणाला खरं वाटंल?' असं एकजण दर वेळी म्हणायची आणि बाई दर वेळी तितकीच खूश व्हायची. सूर्य बुडायच्या आत जेवणं उरकलेली असायची. दिवेलागणीला गावात इतरांच्या चुली पेटायच्या, तेव्हा आमची भांडी घासून पालथी पडलेली असायची.

मी दहावीत असताना बाई गेली. साधा ताप म्हणता म्हणता आठवड्यात खेळ खलास. तो आठवडाभर मी तिच्या उशाशी बसून नवकार मंत्र म्हटला होता, घसा बसेपर्यंत. ती गेली त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, बस्स झालं. पुन्हा म्हणून तोंडातून तो मंत्र काढायचा नाही. स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी, जायचं नाही, सामायिक करायचं नाही. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी समभावानं बसणं. समभाव! माझ्या अंगाचा तर नुसता जाळ होत होता. मी तशी लहानपणापासूनच तिरसट. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाही. वयानं आता केस पिकले, पण ही खोड काही पिकून गळली नाही.

बाईच्या मागं घर भुवाच्या हाती आलं. भुवा म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, मोठी बहीण. ऐन विशीत विधवा होऊन माहेरी आलेली. तोंडावर आम्ही तिला 'तुम्ही' म्हणायचो, पण मी मनातल्या मनात तिच्याशी एवढी भांडले आहे, की लिहिताना 'ती'च येतं. उंच, काटकुळी, पांढऱ्या लुगड्यातली. नाक बारा महिने चोंदलेलं. तिनं वयाच्या नवव्या वर्षी जमीकंदाचं पचखाण घेतलं होतं. पचखाण म्हणजे गुरूंच्या नाहीतर वडीलधाऱ्यांच्या तोंडून घेतलेला नेम. तेव्हापासून तिच्या जिभेला या पदार्थांचा कणही लागलेला नव्हता. तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं काय होतं? नवरा नाही, मूल नाही, घर भावाचं. तो एक नेम तेवढा तिचा होता. हे मला आज कळतं. तेव्हा कळतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

अण्णांनी तर बोलणंच सोडलं होतं. दुकानात गिऱ्हाइकाशी जेवढ्यास तेवढं, घरात तेवढंही नाही. पानात पडेल ते खाली मान घालून जेवायचे आणि उठायचे. त्यामुळं भुवाच्या आणि माझ्या युद्धाला पंच कुणी नव्हता.

"सामायिक नाही, तर नाश्ता नाही," भुवानं पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं.

"नकोच मला तुमचा नाश्ता."

"माझा नाही, घरातला."

"घरातलाही नको."

झालं. रोज सकाळी भुवा वाळूचं घड्याळ उलटं करून, तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधून आत बसायची आणि मी परसात धुण्याच्या दगडावर, उपाशी. करायला काही नाही. भिंतीवरचे मुंगळे बघायचे. अशीच एक दिवस फुगून बसलेले असताना ठकूबाई आली. ठकूबाई आम्हाला दूध घालायची. धनगराची बाई, गावाबाहेर मांडवी नदीच्या अंगाला तिची दोन एकर जमीन होती आणि वीस-पंचवीस मेंढरंही राखलेली. तिनं दुधाची किटली खाली ठेवली, कंबरेवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "काय गं, रोज हितं देवीवाणी बसलेली असतीस? मातीत हात तरी घाल की. जागा नुसती वाया चाललीया."

"काय लावू?"

"काय बी लाव. मेथी लाव. येतंय की समदं."

खरं सांगते, मला बागेची काडीची हौस नव्हती. पण माती खणली की त्यातले जीव मरतात म्हणून भुवाला ते अजिबात खपणार नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. तेवढंच कारण मला पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी मी खुरपं घेऊन परसात उतरले, आणि अपेक्षेप्रमाणे भुवा मुहपत्तीसकट धावत बाहेर आली. मोठं रामायण झालं. शेवटी अण्णा दुकानातून उठून मागच्या दारात आले. त्यांनी त्या उकरलेल्या मातीकडं बघितलं आणि म्हणाले, "करू दे." बाई गेल्यापासून घरात ते आपणहून बोललेले हे पहिलेच शब्द होते. भुवाला ते मानावंच लागलं.

पण तीही काही कमी नव्हती. तिनं अटी घातल्या. प्रत्येक खुरप्याची माती हातावर घेऊन बघायची. गांडूळ, किडा, अळी जे असेल ते उचलून ओलसर जागी सावलीत ठेवायचं. पाणी फडक्यातून गाळूनच घालायचं. ऊन उतरलं की मातीला हात लावायचा नाही. तिच्या भाषेत याला जयणा म्हणायचं, म्हणजे आपल्या हातून कुणाला इजा होऊ नये म्हणून जपून करणं. मी मनात म्हटलं, ठीक आहे, बघतेच आता. आणि ईर्ष्येनं सगळं अक्षरशः पाळलं. दोन हात लांबीचा पहिला वाफा करायला मला नऊ दिवस लागले. ठकूबाई रोज बघायची आणि हसून हसून बेजार व्हायची. "आगं पोरी, अशी मुंगी-मुंगी करीत बसलीस तर पेरणार कवा? पुढच्या पाडव्याला?"

हल्ली मंचरला माझ्या बागेत पुण्या-मुंबईची मंडळी येतात. माझी नातसून त्यांना घेऊन येते. ती मंडळी वाफ्याशेजारी मांडी घालतात आणि 'स्लो लिव्हिंग' म्हणतात. मला हसू येतं. आमच्याकडं ते तत्त्व वगैरे नव्हतं, एका म्हातारीनं एका हट्टी पोरीला घातलेली शिक्षा होती. पण त्या नऊ दिवसांत एक झालं खरं. हातावर घेतलेल्या मुठीमुठीत मला जे दिसायला लागलं, ते मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. पारदर्शक अळ्या, तांदळाएवढी अंडी, धाग्याएवढे पांढरे किडे. मी ते रागानं बघायला बसायची आणि बघता बघता राग कुठं जायचा, मला पत्ता लागायचा नाही. नाश्त्याची वेळ टळून गेलेलीही कळायची नाही.

दिवाळी झाल्यावर ठकूबाईनं मला तीन पुरचुंड्या आणून दिल्या. तिची लेक लोणीला दिली होती, तिचे दिवस भरत आले होते. तिच्या बाळंतपणाला ठकूबाई दोन महिने निघाली होती. एस.टी.ची वेळ झालेली, बरोबर बोचकी, आणि मागं सुनेनं चरायला काढलेली तिची मेंढरं ओरडत होती. तिनं एकेक पुरचुंडी माझ्या हातावर ठेवत नावं सांगितली. पहिली मेथी, दुसरी धने, हे मला स्वयंपाकघरामुळं डोळ्यांनीच कळलं. तिसऱ्या पुरचुंडीतलं बारीक, केसाळ बी मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं नाव सांगितलं ते मेंढरांच्या गलक्यात मला ऐकूच आलं नाही. पुन्हा विचारायचं होतं. पण मी आणि विचारणार? 'बरं बरं' म्हटलं आणि पुरचुंड्या ओच्यात टाकल्या.

मेथी झकास उगवली. दुसऱ्या वाफ्यात काहीच आलं नाही. धने रगडून, दोन डाळी वेगळ्या करून पेरायचे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ते सबंधच पुरून पाण्यात बुडवून ठेवले होते. तिसऱ्या वाफ्यात मात्र नाजूक, कातरल्या कातरल्या पानांची हिरवीगार रोपं वर आली. मी बघितलं, विचार केला आणि ठरवून टाकलं, की पेरताना माझ्या हातून पुरचुंड्यांची अदलाबदल झाली असणार आणि ही कोथिंबीरच आहे. पान जरा बारीक होतं, पण ठकूबाईचं बी गावठी, म्हणजे तसंच असणार! घरात शंका घेणारं कुणी नव्हतंच. गाजराचा पाला ओळखायला आधी गाजर घरात यावं लागतं. बाजारातून जातानाही आम्ही त्या बाजूला बघत नसू, आणि विकायला येतात ती गाजरं पाला कापूनच. तर अशा रीतीनं ओतूरसारख्या गावात, चहूबाजूंनी शेतकरी असताना, आमच्या परसात गाजरांचा वाफा डौलात उभा राहिला आणि आम्ही त्याला कोथिंबीर म्हणत राहिलो.

पहिल्यांदा मी चार काड्या खुडून आणल्या तेव्हा भुवानं त्या धुतल्या, बारीक चिरल्या आणि वरणावर घातल्या. एक घास घेऊन म्हणाली, "वास बेताचाच आहे. पण चव बरी आहे हो." माझी कॉलर ताठ. तेव्हापासून तो पाला रोज पानात असायचा. स्वयंपाक झाला की भुवा मागच्या दारात येऊन हाक मारायची, "विमल, चार काड्या आण गं." अण्णा एकदा जेवता जेवता म्हणाले, "घरची आहे?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली. भुवा आणि मी आता निदान भाजीपाल्याबद्दल बोलू लागलो होतो. एक दिवस सामायिक झाल्यावर तिनं न बोलता खाकऱ्याची ताटली परसात आणून ठेवली. नाश्त्याच्या अटीचं नाव तिनंही काढलं नाही, मीही काढलं नाही.

भोगीच्या सकाळी ठकूबाई परतली. दोन महिने तिची सून पुढच्या दारी दूध ठेवून पळायची, त्यामुळं परसाकडं कुणी फिरकलेलं नव्हतं. ठकूबाई आत आली, वाफा बघितला आणि गालावर हात ठेवून ओरडली, "आगं बया! गाजरं लई जोमात आल्याती की गं! दोन दी मला, भोगीच्या भाजीला व्हतील."

"गाजरं कुठंयत?"

"कुठंयत म्हंजी? ही काय!" असं म्हणून, मी काही म्हणायच्या आत, तिनं एक रोप धरून खसकन् उपटलं. खाली बोटभर तांबडंलाल गाजर. तिनं ते पदराला पुसलं आणि कुडुमकन् तोडलं. "ग्वाड हाय बघ."

मी कसंबसं विचारलं, "याचा पाला खातात का?"

"मेंढरं खात्यात की," ठकूबाई म्हणाली. मग माझा चेहरा बघून ती चावायची थांबली. "काय गं? काय झालं?"

मी तिला काहीच सांगितलं नाही. घरात गेले, तर पानं मांडलेली. भुवानं सकाळी स्वतःच काड्या खुडून नेल्या होत्या आणि वरणावर हिरवं भुरभुरलेलं होतं. ती जेवायला बसली. मला बोलता आलं असतं. 'भुवा, थांबा,' एवढे दोनच शब्द. मी समोर उभी राहिले आणि तिचं जेवण होईपर्यंत बघत राहिले. आजवर मी बऱ्याच चुका केल्यात, काही त्याहून मोठ्या. पण त्या दिवशी मी गप्प उभी राहिले, त्याची मला जेवढी शरम वाटते तेवढी दुसऱ्या कशाचीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाल्यावर किडे पडल्याचं सांगितलं. स्वतःची समजूत घालून पाहिली, की जमिनीखालचं तर कुणी खाल्लं नाही, वरचा पाला तो पाला. माझा तर कशावरच विश्वास उरलेला नव्हता. मग मला एवढं का लागावं? पण तिचा होता ना! तिनं नऊ वर्षांची असल्यापासून जपलेलं ते माझ्या हातून फुटलं होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. तिसऱ्या दिवशी भुवा गहू निवडत बसलेली असताना आनंदानं म्हणाली, "महासतीजी आळेफाट्याहून पायी विहार करत निघाल्यात, उद्या स्थानकात येतील. आपल्याकडं गोचरीला आल्या तर वरणावर तुझी कोथिंबीर घालू. किडकी पानं काढून टाक. त्यांना सांगेन, पोरगी सामायिकाला बसत नाही, पण हात चांगला आहे तिचा."

आता भिक्षेला आलेल्या साध्वींच्या पात्रात ते पडणार होतं. मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "भुवा, ती कोथिंबीर नाही. गाजराचा पाला आहे तो."

तिचा हात सुपात थांबला. "कोण म्हणतं?"

"ठकूबाईनं उपटून दाखवलं."

"किती दिवस खाल्लं आपण?"

"महिना झाला."

तिनं सुपातले दोन खडे उचलून बाजूला टाकले. मग तिनं विचारलं, "तुला कधी कळलं?"

हाच प्रश्न मला नको होता. "भोगीला. तुम्ही जेवायला बसायच्या आधी."

भुवा ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलटून बोलले असते, ते मला जमत होतं. तिनं निवडलेले गहू डब्यात भरले, सूप खिळ्याला टांगलं आणि मोरीत गेली. चुळा भरायला लागली. एक, दोन, चार, दहा... मी बाहेर उभी राहून ऐकत होते. महिन्याभराचं खाल्लेलं ती धुऊन काढू बघत होती. आईच्या वेळी जे रडू मला आलं नव्हतं ते त्या मोरीच्या दाराशी आलं.

महासतीजी आल्यावर भुवा एकटीच स्थानकात गेली. परत आल्यावर अण्णांना सांगत होती ते मी ऐकलं. नकळत घडलं त्यात नेम मोडत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. मनाच्या समाधानासाठी तीन आयंबिल कर म्हणाल्या होत्या. आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, तेही तेल, तूप, तिखट, गूळ काहीही नसलेलं, नुसतं उकडलेलं. "आणि विमल?" अण्णांनी विचारलं. "तिनं प्रायश्चित्त मागितलं नाही, तर तिला काय देणार, म्हणाल्या," भुवानं सांगितलं. मग म्हणाली, "खरं सांगितलं तेवढं बरं केलं, असंही म्हणाल्या."

भुवानं तीन नाही, अकरा आयंबिल केले. हट्टीपणा मी कुणाकडून घेतला ते तुमच्या ध्यानात आलं असेलच. चौथ्या दिवसापासून मीही तिच्या शेजारी बसून तेच फिकं मुगाचं पाणी आणि कोरडी भाकरी खाऊ लागले. तिनं माझ्याकडं बघितलं, पण बस म्हणाली नाही की ऊठ म्हणाली नाही.

आता पंचाईत वाफ्याची. सगळी बातमी कळल्यावर ठकूबाई टोपली घेऊन हजर झाली. "माझ्यामुळं झालं गं बाई. म्या काढून न्हेते समदी. पाप लागायचं तर मला लागू दे, तुमी आत जावा."

"आम्ही ने म्हटलं की आम्हीच उपटल्यासारखं," भुवा म्हणाली.

"मग काय गाजरांची पूजा घालायची का वो?"

"राहू दे. जगतील तेवढी जगू देत."

"आवं, पर जगाया पानी लागतंय न्हवं!"

यावर भुवा गडबडली. पाणी घालावं तर आपण जमीकंद पोसला, न घालावं तर वाळवून मारला. दिवसभर ती या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत होती. संध्याकाळी मी भीत भीत परसात गेले, तर ती वाफ्याशी उभी होती. मला वाटलं, आता म्हणेल, उद्या गवंडी बोलावून इथं शहाबादी फरशा घालू. त्या काही महिन्यांत ती माती मला किती हवीशी झाली होती ते मला त्या क्षणी कळलं. भुवा म्हणाली, "फडकं धर." मी घागरीच्या तोंडावर फडकं धरलं आणि तिनं आपल्या हातानं पाणी ओतलं.

त्या दिवसापासून रोज सकाळी आम्ही दोघी त्या वाफ्याला पाणी घालायचो. तिला गुडघेदुखी होती, म्हणून ती तिथंच पाट टाकून बसायची आणि पुढं पुढं तर सामायिकही तिथंच करायला लागली, वाळूचं घड्याळ धुण्याच्या दगडावर ठेवून. मी समोर बसून खुरपायची. कुणी कुणाला काही शिकवत नव्हतं. फाल्गुनात गाजरांच्या मधून जाड दांडे वर सरकले, माझ्या खांद्याला लागले, आणि एक दिवस त्यांच्या टोकांना पांढऱ्या बारीक फुलांचे ताटलीएवढे झुबके उघडले. असे शंभरेक झुबके. सकाळचं ऊन पडलं की सगळ्या वाफ्याचा गुंजारव चालायचा, इतक्या मधमाश्या. ठकूबाई दूध घालायला आली ती किटली हातात धरूनच उभी राहिली. "लोणीला जावई बियासाठी बांधाला दोन-चार ठेवतो," ती हळूच म्हणाली, "पर आख्खा वाफा फुललेला म्या जल्मात न्हाई पाह्यला. आमी ऱ्हाऊच कुठं देतो." तिनं मग बायकांना बोलावून आणलं. आठवडाभर मारवाड्याची गाजरं बघायला आमच्या परसात येणं-जाणं चालू होतं, आणि अण्णा दुकान सोडून त्यांना पाणी द्यायला उठायचे. एका बाईला ते स्वतःहून सांगत होते, "हे पोरीनं केलंय आमच्या." मी स्वयंपाकघरात लपून ऐकलं.

त्या फुलांसमोर बसून मला काही साक्षात्कार झाला असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. बाई परत आली नाही. ती का गेली याचं उत्तर मिळालं नाही, अजूनही मिळालेलं नाही. पण ज्याला सगळं जग तीन महिन्यांत उपटून खातं, त्याला पुढंही आयुष्य असतं आणि ते इतकं देखणं असतं, हे मी पाहिलं. आणि भुवाच्या खुळ्या वाटणाऱ्या नेमामुळं पाहिलं. भुवा जे करत होती त्यात काहीतरी आहे, एवढं मला वाटू लागलं. मग ते वाटणं माझ्या स्वभावाप्रमाणं एकदम उसळलं. एक दिवस तिचं सामायिक संपल्या संपल्या मी तिच्यापुढं हात जोडून बसले.

"भुवा, मला पचखाण द्या."

"कशाचं?"

"जमीकंदाचं. रात्रीच्या जेवणाचं. रोज सामायिकाचं. सगळ्याचं. जन्मभराचं."

तिनं मुहपत्ती सोडली, घडी घातली. "नाही देणार," ती म्हणाली.

मी हात जोडलेलेच ठेवले.

"तुझी बाई गेली तेव्हा एका दिवसात सगळं टाकलंस. आता एका दिवसात सगळं उचलतेस. असं नसतं ते, विमल. एवढं तुला पेलायचं नाही. मला तरी कुठं पेललं असतं? मी नऊ वर्षांची होते, मला जन्म म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं." माझ्या डोळ्यांत अपमानानं पाणी आलं. ते तिला दिसलं असावं, कारण तिनं माझे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले. "आजच्या दिवसाचं देते. फक्त आजच्या. उद्या वाटलं तर उद्या सकाळी पुन्हा माग. नाही वाटलं तर नको मागूस. मी विचारणार नाही."

आणि तिनं मला त्या एका दिवसाचं पचखाण दिलं. मी फणकारून उठले. रात्रीपर्यंत तोंड फुगलेलं होतं. दुसऱ्या सकाळी पाणी घालून झालं, तिचं घड्याळ रिकामं झालं. तिनं विचारलं नाही. मी मागितलं. लग्न होऊन मंचरला येईपर्यंत रोज मागत राहिले. निघताना तिला म्हटलं, आता कुणाकडं मागू? तर म्हणाली, "आता स्वतःच मागत जा, स्वतःच घेत जा."

तेव्हापासून रोज सकाळी बागेत पहिलं पाणी घातलं की मी ते मागते. माझे यजमान गेले तेव्हा बारा दिवस मागितलं नाही, मागावंसं वाटलंच नाही, आणि तेराव्या दिवशी पुन्हा मागितलं. लोक मला धर्मनिष्ठ म्हणतात, एवढी वर्षं नेम कसा टिकवलात म्हणून विचारतात. मी एवढी वर्षं काहीच टिकवलेलं नाही. आजचं तेवढं सकाळी घेतलं आहे. उद्याचं मला माहीत नाही.